धम्मपालदादांची हरकत

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघते. बहुतेकांना उत्तर नको असतं, बोलायला विषय हवा असतो. तशांना "कॉलेजात शिकवते" एवढं सांगून मी मोकळी होते. खरंच ऐकायचं असेल त्याला सांगते, की डोक्याला मार लागला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर काही माणसांची भाषा जाते. अक्कल जात नाही, ओळख जात नाही, राग-लोभ जात नाही. फक्त शब्द हाताशी येत नाहीत. याला वाचाघात म्हणतात. अशी माणसं घरच्यांशी कशी बोलतात आणि घरचे त्यांच्याशी कसे बोलतात, हे मी रेकॉर्ड करते, पुन्हापुन्हा ऐकते, लिहून काढते. आमच्या गल्लीतल्या गणपतरावांनी मला "तोतऱ्यांची डॉक्टर" ठरवून टाकलंय. त्यांना दुरुस्त करायचं मी सोडून दिलं.

कोल्हापुरात या कामाला एक खास अडचण आहे. इथे माणूस बोलेनासा झाला की त्याला ऐकूही येत नाही असं धरून चालतात आणि आवाज चढवतात. आधीच आमचं साधं बोलणं परगावच्याला भांडण वाटतं. त्यात चढवलेला आवाज म्हणजे विचारायलाच नको. दवाखान्यात, घरात, दारात, सगळे त्या बिचाऱ्याच्या कानाशी ओरडत असतात आणि तो दचकून गप्प बसला की एकमेकांना सांगतात, "बघा, कायबी कळत न्हाय." माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या ओरडण्यावर आहे. परीक्षकांना ते वाचून हसू आलं. मला ते लिहिताना आलं नव्हतं.

शिकताना मला ज्या चाचण्या शिकवल्या त्या बाहेरच्या देशांतल्या होत्या. त्यांतल्या चित्रांत बर्फावरची घसरगाडी असायची. ती दाखवून आपण जोतिबाच्या डोंगरावर नारळ विकणाऱ्या बाईला विचारणार, "हे काय?" आणि तिला सांगता आलं नाही की तिची भाषा गेली म्हणून लिहिणार! मला याचा संताप यायचा. तेव्हाच मी ठरवलं, की आपण आपल्या माणसांच्या घरात जाऊन, ती जेवताना, भांडताना, टीव्ही बघताना कशी बोलतात ते टिपायचं आणि त्याचा एक मोठा संग्रह करायचा. पुढे या वाटेला येणाऱ्या पोरापोरींना तरी घसरगाडी दाखवावी लागू नये.

तर या संग्रहाचं घोडं आमच्या संस्थेच्या नीतिसमितीत अडलं. माणसांवर संशोधन करायचं तर या समितीची परवानगी लागते, आणि ती लागावीच. अध्यक्ष होते उदयसिंह सर. मेंदूच्या आजारांत हयात घालवलेला माणूस, सरळ, पण नियम म्हणजे नियम. त्यांचा नियम असा, की वाचाघात झालेल्याची स्वतःची सही चालणार नाही, नातेवाइकाचीच हवी. तोवर मी तशाच सह्या घेत आले होते, कारण दुसरा मार्गच नव्हता. पण संग्रह सगळ्या विद्यापीठांसाठी उघडायची वेळ आली तेव्हा मी हट्टाला पेटले. ज्याचं तोंड जगाला दिसणार, त्याला विचारायचं नाही?

"अहो मॅडम, ज्याची भाषाच गेली त्याची संमती घेणार कशी?" सर म्हणाले.

"भाषा गेलीय सर, मर्जी गेलेली नाही."

"हे बोलायला छान आहे."

"मग करून दाखवते. नाही जमलं तर संग्रह बंद करते. नातेवाइकांच्या सह्यांवर मी तो उघडणार नाही."

हे मी भर बैठकीत बोलले. रागात बोलले, पण मागे घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. एकाला समितीपुढं आणा. आमच्यादेखत विचारा. पटलं तर नियम बदलतो." बाहेर आल्यावर मला कळलं, आपण काय करून बसलो ते. इतक्या वर्षांचं काम मी एका दुपारवर लावलं होतं.

कुणाला न्यायचं याचा विचारच करावा लागला नाही. धम्मपालदादा आमच्याच वस्तीतले. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांना बघते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होते, आणि आमच्या विहाराचे सचिव. चौदा एप्रिलला ते बोलायला उभे राहिले की भेळवाला गाडा ढकलायचा थांबायचा. कामावरून येताना हायवेवर त्यांच्या गाडीला मागून टेंपोनं उडवलं. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि तो आवाज, ती वाक्यं, सगळं गेलं. आता "हे", "व्हय", "नको", "जय भीम" आणि कधीमधी एखादा चुकार शब्द, एवढंच उरलंय.

माझ्या संग्रहातली सगळ्यात मोलाची चित्रफीत त्यांची होती. त्यांच्याच घरी, सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत घेतलेली. तिच्यात दादा हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खणखणीत, एक अक्षर न अडखळता. पाठ झालेलं, लहानपणापासून सुरात म्हटलेलं मेंदू वेगळं जपून ठेवतो, म्हणून असं होतं. ते संपल्याबरोबर विशाखावहिनी, म्हणजे त्यांची बायको, आनंदानं विचारतात, "आता माजं नाव सांगा बगू." दादा तोंड उघडतात. ओठ हलतात. नाव येत नाही. ते पुन्हा प्रयत्न करतात, मान हलवतात, आणि थांबतात. वाचाघात म्हणजे काय ते समजवायला माझं वर्षभराचं शिकवणं एकीकडे आणि ही फीत एकीकडे. संग्रहाच्या उद्घाटनाला तीच लावायची, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं.

समितीच्या दिवशी दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. शेजारी वहिनी, पदर खोचलेला, हातात पाण्याची बाटली. लांबलचक टेबलाभोवती सगळे बसलेले. उदयसिंह सरांनी स्वागत केलं, आणि तेही कोल्हापूरचेच असल्यामुळे पार पन्हाळ्यापर्यंत ऐकू जाईल असं केलं.

"काय पावणं! बरं हाय का?"

दादा दचकले. वहिनी लगेच म्हणाल्या, "बरं हाय त्यांचं. बीपीची गोळी घेतलीया सकाळी."

"सर, हळू," मी म्हटलं. "आणि वहिनी, तुम्ही थोडा वेळ काही सांगू नका. सर त्यांना विचारतायत."

वहिनींना ते आवडलं नाही. त्यांची काय चूक? अपघातापासून दादांची तहान, भूक, दुखणं, खुपणं त्याच बोलत आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर या माणसाला दवाखान्यात कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

मी दादांच्या डाव्या बाजूला बसले. पद्धत साधी आहे, पण दमवणारी. एका वेळी एकच गोष्ट बोलायची. मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा, जमेल तर चित्र काढायचं. मग थांबायचं. खरंच थांबायचं. उत्तर आलं की तेच उलटं विचारून खात्री करायची. या सगळ्यात थांबणं सगळ्यात अवघड. आम्हा कोल्हापूरकरांना समोरचा श्वास घ्यायला थांबला तरी मध्ये बोलायची सवय.

"दादा, मी घरी येती. कॅमेरा घेऊन." कागदावर घर आणि कॅमेरा. "येऊ का?"

दादांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "व्हय," ते म्हणाले.

"येऊ नको का?"

"अं हं. व्हय. हे... व्हय." डावा हात पुढे करून त्यांनी ये अशी खूण केली.

असंच आम्ही पुढे सरकलो. आवाज रेकॉर्ड करू का? चालेल. नाव लिहू का? संग्रहात नाव नको, म्हणून त्यांनी कागदावरच्या नावावर काट मारली. (ही गोष्ट नावानिशी सांगायला दोघांनी नंतर हो म्हटलं, तेही विचारल्यावरच.) कधीही सोडून जाता येईल, हे कळलं का? त्यांनी दाराकडे बोट केलं आणि हसले. समितीतल्या एक मॅडम मान डोलवत टिपून घेत होत्या. उदयसिंह सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जिंकलो, असंच वाटत होतं.

राहिली होती फक्त चित्रफीत. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि ती लावली. दादांचा तो भरदार सूर खोलीभर झाला. शेवटी वहिनींचा प्रश्न, दादांचे हलणारे ओठ, आणि फीत संपली.

"दादा, ही सगळ्यांना दाखवायची," मी म्हटलं. लिहिलं, फीत. लिहिलं, सगळे लोक. "दाखवू का?"

दादा बोलले नाहीत. मी थांबले. तरी बोलले नाहीत.

"गप्प आहेत म्हणजे चालतंय त्यांना," एक सदस्य पुटपुटले.

आणि दादा उभे राहिले. डाव्या हातानं टेबलाचा आधार घेऊन, सावकाश, पण ताठ उभे राहिले. नजर समोर.

मग एकच गडबड झाली. "बाथरूमला जायचंय वाटतं," म्हणून सरांनी शिपायाला हाक मारली. टिपून घेणाऱ्या मॅडम हळवेपणानं म्हणाल्या, "नाही हो, वंदना ऐकली ना त्यांनी. आदरानं उभे राहिलेत. किती सुंदर! म्हणजे संमतीच की." दोघातिघांनी माना डोलवल्या. त्यांचं बघून आणखी एक जण अर्धवट उठलासुद्धा. वहिनी शर्ट ओढत दबक्या आवाजात म्हणत होत्या, "बसा की ओ! काय चाललंय तुमचं? बसा!"

त्या खोलीत दोघींनाच कळलं होतं, की हा आदरही नाही आणि बाथरूमही नाही. एक वहिनी आणि एक मी.

आमच्या विहाराच्या बैठका म्हणजे एके काळी आठवडी बाजार. जयंतीला डीजे लावायचा का, वर्गणी कुणी गोळा करायची, सगळे एकदम बोलणार, ज्याचा गळा मोठा त्याचं खरं. दादा सचिव झाले आणि त्यांनी एक रीत घालून दिली. ठराव मोठ्यानं वाचायचा. ज्याला मान्य तो बसून राहील. ज्याची हरकत असेल त्यानं ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. एक जण जरी उभा असला तरी ठराव पुढे न्यायचा नाही, आधी त्याचं ऐकायचं. म्हाताऱ्या आक्कासुद्धा काठी टेकून उभ्या राहायला लागल्या त्या तेव्हापासून. आमच्या वस्तीत वंदना बसून म्हणतात. बैठकीत उभं राहतात ते फक्त हरकत घ्यायला.

खोटं कशाला सांगू, गप्प बसावंसं वाटलं. समितीला पटलेलं होतं. वहिनींची जुनी सही होती. टिपून घेणाऱ्या मॅडमनी तर आपणहून अर्थ लावून दिला होता, मला फक्त तो खोडायचा नव्हता एवढंच. माझी सगळ्यात चांगली फीत, माझं उद्घाटन, ते बघून मिळणारं कौतुक, सगळं माझ्यापुढे उभं होतं. पण दादाही उभे होते. त्यांनी घसा ताणला नव्हता, टेबल आपटलं नव्हतं. आपल्या रीतीनं ते उभे राहिले होते आणि आता त्यांचं ऐकायची पाळी आमची होती.

"सर," मी म्हटलं, "ही त्यांची हरकत आहे."

आणि मी रीत सांगितली. उदयसिंह सरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी नुसती मान खाली घातली. अर्धवट उठलेले गृहस्थ खाली बसले.

"कशाला हरकत आहे त्यांची?" सरांनी विचारलं. या वेळी हळू विचारलं.

मला कारण माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. एवढा बोलका माणूस, आपली गेलेली भाषा लोकांना दाखवायची त्याला लाज वाटणार. मी त्यांना बसवलं आणि त्यांच्या बाजूनं कागदावर लिहिलं, माझा चेहरा. दादांनी वाचलं आणि काट मारली. मी लिहिलं, माझा आवाज. काट. माझी चूक. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि त्यावरही काट मारली, जोरात, कागद फाटेल अशी. वंदना? विहार? लोक हसतील? काट, काट, काट.

"मॅडम, राहू दे आता," एक सदस्य घड्याळ बघत म्हणाले. "फीत नको एवढं कळलं, पुरे झालं."

"पुरे नाही," मी म्हटलं. "त्यांना सांगायचंय काहीतरी. आपण थांबायचं."

आणि आम्ही थांबलो. एवढे शिकलेले, एवढे बोलके लोक तोंड मिटून बसलो. दादांच्या कपाळावर घाम आला होता. वहिनींनी सवयीनं पदर पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि डाव्या हाताच्या बोटानं फीत मागे नेली. खूप मागे गेली. परत पुढे आणली. पुन्हा चुकली. मदत करायला माझा हात शिवशिवत होता, मी तो मांडीखाली दाबून धरला.

त्यांनी फीत थांबवली ती अगदी शेवटाजवळ. मी हे दृश्य इतक्यांदा बघितलं होतं, की मला वाटलं त्यात माझ्या नजरेतून काही सुटलेलं नाही. मध्यभागी दादा, ओठ अर्धवट उघडे. मी कायम त्या ओठांकडेच बघत आले होते. दादांनी बोट ठेवलं ते तिथे नाहीच. ते ठेवलं कडेला, जिथे विशाखावहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पदर तोंडात कोंबलेला. खांदे हलत होते.

"ही," दादा म्हणाले. "ही... नको. ही. रड... नको." बोट स्क्रीनवर तसंच ठेवून त्यांनी दुसऱ्या, लुळ्या हाताचा खांदा वहिनींच्या दिशेनं वळवला. "हे, लोक... नको."

मी पेन उचललं. खात्री करायचीच होती. लिहिलं, विशाखा रडते ते लोकांनी बघायला नको. दादांनी एकेका शब्दावर बोट फिरवत वाचलं. विशाखा या शब्दावर बोट थांबलं आणि त्यांनी तो हळूच दोनदा ठोकला. मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "व्हय."

काट मारली नाही.

सरांनी वहिनींना विचारलं, "ताई, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? तुम्ही दिसताय म्हणून?"

"मी त्यांच्यासाटनं सही केल्ती की," वहिनी म्हणाल्या. "माजं कोण इचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या मर्जीसाठी मी जगाशी भांडत होते, आणि जिला धडधडीत बोलता येत होतं ती माझ्या चौकटीच्या कडेला रडत होती. ते एकानंच बघितलं होतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. मला माझाच राग आला, आणि दादांचा असा काही अभिमान वाटला की डोळे भरून आले. भरू दिले.

उदयसिंह सरांनी आपल्या पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ज्या माणसाला इतकं नेमकं नाही म्हणता येतं, त्याचं हो मी धरतो. नियम बदलू या. आणि मॅडम, घरात जो जो कॅमेऱ्यात येईल त्या प्रत्येकाला विचारायचं, हे तुमच्या अर्जात घाला."

"घालते," मी म्हटलं.

मग मी दादांना विचारलं, फीत पुसून टाकू का? ते "व्हय" म्हणाले. वहिनींना विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला, पूस बाई. मी तिथेच, सगळ्यांसमोर ती पुसली. माझ्याकडे होती तेवढी प्रत्येक प्रत पुसली. उद्घाटनाला काय दाखवणार हे मला माहीत नव्हतं. पण संग्रह उघडणार होता, माझ्या अटीवर उघडणार होता, आणि मी परत पहिल्या घरापासून, पहिल्या माणसापासून विचारत जाणार होते. कितीजण नाही म्हणतील कुणास ठाऊक. म्हणू देत.

मी कागद आवरायला लागले. लोक उठले, चहाच्या कपबश्या वाजायला लागल्या. वहिनी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या दादांकडे बघत होत्या, अपघातानंतर त्यांना असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. औषधाची वेळ झाली का, घाम आलाय का, असलं काही त्या नजरेत नव्हतं.

"मी भिताडाकडं त्वांड केल्तं," त्या हळू म्हणाल्या. आमच्या वहिनी, हळू. "तुमास्नी दिसू नये म्हणून. तुमी तर पलीकडं बगत हुता. तवाच दिसलं हुतं व्हय तुमाला?"

दादांनी होकारानं मान डोलवली.

"आन् ह्ये आजपत्तूर मनात ठिवलासा?"

दादांचे ओठ हलायला लागले. मी कागद पुढे सरकवणार होते, पण वहिनींनी हातानं मला अडवलं. त्यांनी शब्द पुरवला नाही, प्रश्न बदलला नाही, आवाज चढवला नाही. त्या थांबल्या. चहा थंड झाला, शिपाई येऊन खुर्च्या सरळ करून गेला, तरी त्या त्यांच्या तोंडाकडे बघत तशाच थांबून राहिल्या.